नंदुरबार जिल्ह्यातील होड्यांची डागडुजी व रंगकाम

नंदुरबार जिल्ह्यातील होड्यांची डागडुजी व रंगकाम यात नर्मदा आणि तापी या नद्यांच्या जलाशयांत चालणाऱ्या लहान होड्या पाण्याबाहेर काढणे, त्यांचा तळ खरवडणे, फटी बुजवणे, अस्तर देणे आणि नवा रंग लावणे या कामांचा समावेश होतो. जिल्ह्याला समुद्रकिनारा नसल्यामुळे बंदरात मिळणारी सुक्या गोदीची किंवा उतरत्या धक्क्याची सोय येथे जवळपास उपलब्ध नसते. त्यामुळे हे काम बहुधा होडीमालकाला किंवा मच्छीमारांना काठावरच करावे लागते. अशा वेळी योग्य जागा शोधणे हा कामाचा पहिला आणि सर्वांत निर्णायक टप्पा ठरतो. सरदार सरोवराची पाणीपातळी वर्षभर बदलत असल्याने तेथील काठ कायम एका ठिकाणी राहत नाही. म्हणून जागेची निवड ही नेहमी काळाचीही निवड असते.

पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव), तळोदा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर हे सहा तालुके आहेत. नर्मदा नदी जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. महाराष्ट्राला लाभलेला तिचा सुमारे ५४ किलोमीटरचा काठ संपूर्णपणे याच जिल्ह्यात, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत आहे. पलीकडच्या काठावर मध्य प्रदेश व गुजरात ही राज्ये आहेत.

गुजरातमधील केवडिया येथे बांधलेल्या सरदार सरोवर धरणामुळे या पट्ट्यातील नदीचे जलाशयात रूपांतर झाले. धरणाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी बसवण्यात आली, तर लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. १९७९ मध्ये नर्मदा जलविवाद लवादाने जलाशयाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर निश्चित केली होती. ही पातळी जलाशयाने सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच गाठली. महाराष्ट्रातील ३३ गावे बुडीत क्षेत्रात आली. त्यांपैकी ९ गावे अक्कलकुवा तालुक्यातील, तर २४ अक्राणी तालुक्यातील आहेत. मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, भूषा, निमगव्हाण, डोमखेडी ही त्यांतील काही गावे होत. अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा, शहादा या तालुक्यांतील वसाहतींत झाले, तर काही कुटुंबे काठावरच्या उंच भागांतील पाड्यांवर राहिली. सातपुड्याच्या कड्यांमुळे यांपैकी कित्येक पाड्यांना बारमाही रस्ता नाही. त्यांच्यासाठी होडी हे दळणवळणाचे प्रमुख साधन आहे.

बाजार, शाळा, रेशन आणि दवाखाना या सर्वांसाठी होडीचा उपयोग होतो. आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना आणि बोट रुग्णवाहिका याच जलाशयात चालतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीच्या काळात चिमलखेडी येथील एका अंगणवाडी सेविकेने मच्छीमाराची होडी स्वतः वल्हवत काठावरच्या पाड्यांतील बालके व गरोदर माता यांच्यापर्यंत पोषण आहार पोहोचवला. त्याची दखल देशभर घेतली गेली. होडीचा तळ सुस्थितीत असणे हा या भागात केवळ मालमत्तेच्या जपणुकीचा विषय नाही. त्यावर माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.

रंगाचे कार्य

होडीवरील रंगाचा मुख्य उपयोग पाण्याला अडवणे हा आहे. होडी कोणत्या साहित्याची आहे यावर रंगाचे काम आणि त्यासाठी लागणारी जागा या दोन्ही गोष्टी ठरतात.

लाकडी होडीत रंग व तेल यांचा थर लाकडात शिरणाऱ्या पाण्याचा वेग कमी करतो आणि कुजणे लांबवतो. लाकूड पाण्यात फुगते आणि उन्हात आकसते. पाण्यातून काढलेली होडी कडक उन्हात उघडी पडून राहिली, तर फळ्यांमधील सांधे उकलतात आणि लाकूड तडकते. तिला सावलीची जागा लागते.

लोखंडी पत्र्याच्या होडीत रंग पत्र्याला हवा व पाणी यांच्या एकत्रित संपर्कापासून दूर ठेवतो. गंज सर्वांत वेगाने पाणरेषेजवळ धरतो, कारण तेथे पत्रा आलटून पालटून ओला व कोरडा होत असतो. सांधे जोडलेल्या जागा, खिळ्यांची डोकी आणि आतून पाणी साचणारे कोपरे ही गंजाची इतर ठिकाणे होत. अशा होडीला कोरडी हवा आणि दव न धरणारी जागा लागते.

फायबरच्या होडीला गंज लागत नाही. तथापि वरचा गुळगुळीत थर झिजल्यास आतील काचतंतूंपर्यंत पाणी झिरपते आणि पृष्ठभागावर फोड येतात. असे फोड उघडून दुरुस्त करण्यापूर्वी तळ पुष्कळ दिवस, कधी कधी काही आठवडे, वाळू द्यावा लागतो. म्हणून या होडीसाठी दीर्घकाळ मोकळी राहील अशी जागा आवश्यक असते.

समुद्रातील नौकांच्या तळाला शिंपले व कालवे चिकटतात, म्हणून तेथे जीवरोधक रंग वापरले जातात. गोड्या पाण्यात शेवाळ व बुळबुळीत थर यांचाच त्रास मुख्यतः होतो. तो खरवडून काढता येतो. त्यामुळे जलाशयातील साध्या होडीला विषारी घटक असलेल्या जीवरोधक रंगाची सहसा गरज नसते. अशा रंगांपैकी ट्रायब्युटिलटिन असलेल्या रंगांवर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००१ च्या कराराने बंदी घातली असून तो करार २००८ पासून अमलात आहे.

समुद्रकिनारा, कालवा आणि जलाशय

होडीचा तळ रंगवण्यासाठी एक तर होडी पाण्याबाहेर काढावी लागते, नाही तर पाणी होडीपासून दूर करावे लागते. या दोन मार्गांपैकी कोणता सोपा, हे पाण्याच्या स्वरूपावर ठरते.

समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोनदा पाणी पुढेमागे नेते. भरतीच्या वेळी होडी खाडीच्या काठी आणून उभी केली की ओहोटीत ती आपोआप उघडी पडते आणि पुढील भरतीपर्यंत काही तास कामाला मिळतात. कोकणात मोठी कामे पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, नौका किनाऱ्यावर ओढून केली जातात. यांत्रिक नौकांसाठी महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ असतो. मोठ्या जहाजांसाठी सुकी गोदी बांधतात. मुंबईत लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७५० मध्ये बांधलेली सुकी गोदी ही आशियातील पहिली मानली जाते.

कालव्यात पाण्याची पातळी जवळजवळ स्थिर असते. त्यामुळे नौका आपोआप उघडी पडण्याचा प्रश्नच येत नाही. इंग्लंडमधील अरुंद कालवा-नौका सुमारे २.१ मीटर रुंदीच्या असतात आणि त्यांतील अनेकांवर माणसे कायम राहतात. त्यांचा लोखंडी तळ दर दोन-तीन वर्षांनी डांबरी द्रव्याने किंवा त्याहून अधिक टिकणाऱ्या इपॉक्सी रंगाने रंगवतात. त्यासाठी भाड्याने सुकी गोदी घेतात किंवा यारीने नौका उचलून जमिनीवर ठेवतात. पाणरेषेच्या वरचा भाग मात्र मालक अनेकदा कालव्याच्या काठाला नौका बांधून स्वतःच रंगवतात. तेथे धूळ, झाडांवरून पडणारा चीक व पाने आणि अचानक येणारा पाऊस यांपासून आडोसा मिळवणे ही मुख्य अडचण असते. भारतातही गंगा कालवा, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील कालवे आणि बकिंगहॅम कालवा यांतून एके काळी नौकानयन चालत असे. नंदुरबार जिल्ह्यातील पाटबंधाऱ्याचे कालवे मात्र सिंचनासाठी असून त्यांतून नौकानयन होत नाही. येथील होड्यांचे पाणी म्हणजे धरणांचे व बंधाऱ्यांचे जलाशय होत.

जलाशयाची तऱ्हा या दोहोंहून वेगळी आहे. सरदार सरोवर पावसाळ्यात भरते आणि त्यानंतर सिंचन, पिण्याचे पाणी व वीजनिर्मिती यांसाठी उपसा होत उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते. म्हणजे येथे भरती आणि ओहोटी वर्षातून जवळपास एकदाच येते. ओहोटी काही महिने टिकते, हा तिचा मोठा फायदा आहे. परंतु तिचे वेळापत्रक चंद्रावर ठरत नाही. ते धरणाच्या दरवाजांवर आणि वरच्या धरणांतून येणाऱ्या विसर्गावर ठरते.

जागेची निवड

पाण्याची पातळी

सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर, तर उपयुक्त साठ्याची किमान पातळी ११०.६४ मीटर आहे. दोहोंत २८.०४ मीटरचे, म्हणजे साधारण नऊ मजली इमारतीच्या उंचीचे, अंतर पडते. प्रत्येक वर्षी पाणी या दोन टोकांपर्यंत जातेच असे नाही. तथापि काठ किती सरकू शकतो याची कल्पना त्यावरून येते. जमिनीचा उतार दहास एक असेल, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटर उंची कमी होत असेल, तर पूर्ण पातळीपासून किमान पातळीपर्यंत काठ सुमारे २८० मीटर मागे जातो. उतार तीनास एक असेल, तर हेच अंतर सुमारे ८४ मीटर भरते.

या उतरत्या पाण्याचा उपयोग नैसर्गिक गोदीसारखा करता येतो. होडी सौम्य उताराच्या जागी उथळ पाण्यात आणून बांधली आणि खाली आधार ठेवले, तर पाणी ओसरल्यावर ती ओढण्याचे श्रम न घेता जमिनीवर बसते. उदाहरणार्थ, पातळी दररोज १० सेंटिमीटरने उतरत असेल आणि होडी ४० सेंटिमीटर पाण्यात बुडत असेल, तर सुमारे चार दिवसांत तिचा तळ उघडा पडतो. मात्र काम संपेपर्यंत पाणी होडीपासून बरेच दूर गेलेले असते. वरील उदाहरणात वीसास एक उतार असल्यास काठ दररोज दोन मीटर मागे सरकतो आणि पंधरा दिवसांत तीस मीटर अंतर पडते. होडी पुन्हा पाण्यात नेण्यासाठी किती माणसे लागतील, याचा हिशेब म्हणूनच ती बाहेर काढण्यापूर्वी करावा लागतो.

उलट धोका पाणी चढण्याचा आहे. नर्मदेवर वरच्या बाजूला इंदिरा सागर, ओंकारेश्वर ही धरणे आहेत. त्यांच्या विसर्गामुळे किंवा धरणाच्या वीजगृहातील वापर कमी झाल्याने पाणी पुन्हा वाढू शकते. रिकामी, टेकूंवर उभी असलेली होडी चढत्या पाण्यात अचानक तरंगून कलंडते. म्हणून कामाची जागा चालू पाणरेषेपासून पुरेशी उंच असावी आणि होडी पक्क्या दोराने झाडाला किंवा खडकाला बांधलेली असावी.

उतार आणि जमीन

सातपुड्याचा हा भाग बेसाल्ट खडकाचा असून नर्मदेच्या दिशेचे उतार पुष्कळ ठिकाणी तीव्र आहेत. तीव्र उतारावर होडी ओढणे कठीण जाते आणि टेकूही घसरतात. सपाट दिसणाऱ्या जागा बहुधा जलाशयाने आणलेल्या गाळाच्या असतात आणि त्या अधिक फसव्या असतात. गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसला, तरी आत ओला असतो. त्यात माणसे व जनावरे रुतण्याचे प्रकार नर्मदाकाठी घडले आहेत. अशा जागी होडीचे वजन पेलणारे टेकू एकेका बाजूने खचतात आणि तळाखाली काम करणाऱ्याच्या अंगावर होडी येण्याचा धोका असतो.

मुरूम, गोटे किंवा सपाट खडक असलेली आणि मध्यम उताराची जागा सर्वांत योग्य ठरते. जमीन तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे पहार किंवा जाड काठी जोर देऊन रोवून पाहणे. ती सहज आत गेली तर जागा सोडून द्यावी लागते. उदई यांसारख्या उपनद्यांच्या आणि नाल्यांच्या मुखाशी जलाशयाचे पाणी आत शिरून शांत आडोसा तयार होतो. तेथे वारा व लाटा कमी असतात. मात्र नाल्याचे प्रत्यक्ष पात्र टाळावे लागते, कारण डोंगरात वळीव कोसळल्यास नाल्याला काही मिनिटांत लोंढा येतो.

ऊन, दव आणि वारा

महाराष्ट्राचा काठ नर्मदेच्या दक्षिणेस असून तेथील उतार उत्तरेकडे तोंड करून आहेत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना या उतारांवर ऊन उशिरा येते आणि लवकर जाते. तोरणमाळ, डाब, वालंबा या सातपुड्यातील उंच भागांत कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या नोंदी आहेत. खाली पाण्याकाठीही पहाटे भरपूर दव पडते. दवाने ओलसर झालेल्या पृष्ठभागावर लावलेला रंग धरत नाही आणि पुढे पापुद्रे होऊन सुटतो.

रंगकामाच्या सर्वमान्य नियमानुसार पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या तापमानापेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी असावी. उपकरण नसेल, तर कोरड्या फडक्याने पुसलेला भाग पुन्हा ओलसर होतो का, हे काही वेळ थांबून पाहतात. थंडीत म्हणून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उघडी असलेली, निदान चार-पाच तास ऊन मिळणारी जागा शोधावी लागते. उन्हाळ्यात याच्या उलट स्थिती असते. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उन्हातला पत्रा हात न लागण्याइतका तापतो. अशा पत्र्यावर रंग कुंचल्यातून पसरण्याआधीच आवळतो आणि त्यात बुडबुडे व रेघा राहतात. त्या दिवसांत उत्तराभिमुख उताराची सावली उपयोगी पडते. दुपारच्या वाऱ्याबरोबर येणारी धूळ ओल्या रंगावर बसत असल्याने झाडांचा किंवा ताडपत्रीचा आडोसा दोन्ही ऋतूंत लागतो.

पोहोच आणि परवानगी

रंग, थिनर, खिळे, पत्रा इत्यादी साहित्य अक्कलकुवा, मोलगी किंवा धडगाव येथील बाजारांतून आणावे लागते. रस्ता नसलेल्या पाड्यावर ते डोक्यावरून किंवा दुसऱ्या होडीतून न्यावे लागते. कामाच्या मध्यात साहित्य संपल्यास अस्तर उघडे पडून राहते व त्यावर धूळ आणि दव साचते. जागा निवडताना म्हणून बाजाराचा रस्ता आणि मदतीला येणारी माणसे जवळ असणे यांचाही विचार होतो.

काठावरील बराचसा भूभाग धरणासाठी संपादित झालेला किंवा वनक्षेत्रातील आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येत असून तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यामुळे काही दिवस जागा अडवून ठेवण्यापूर्वी ग्रामपंचायतीला व संबंधित वनकर्मचाऱ्यांना कळवणे योग्य असते. टेकूंसाठी वनातील झाडे तोडता येत नाहीत. जुने ओंडके किंवा दगड वापरावे लागतात. पाणी भरण्याची, आंघोळीची किंवा जनावरे पाजण्याची जागा, तसेच प्रवासी चढण्या-उतरण्याचा धक्का रंगकामासाठी वापरू नये, हा सर्वसाधारण संकेत आहे.

हंगाम

जून ते सप्टेंबर हा काळ पाऊस आणि चढते पाणी यांमुळे कामाला प्रतिकूल असतो. ऑक्टोबरमध्ये जलाशय बहुधा भरलेला असतो आणि कोरडे, सौम्य काठ पाण्याखाली असतात. नोव्हेंबरपासून पाणी उतरू लागते, हवा कोरडी होते आणि काम शक्य होते, परंतु सकाळचे दव सांभाळावे लागते. फेब्रुवारी व मार्च या महिन्यांत दव कमी, ऊन मध्यम आणि काठ उघडा अशी स्थिती असल्याने लोखंडी व फायबरच्या होड्यांसाठी हा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. मकरसंक्रांत व होळी या सणांना होड्यांची गरज वाढते. म्हणून काम त्यांच्या आगेमागे बसवावे लागते. एप्रिल-मे मध्ये पाणी खूप खाली गेलेले असते, गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि लाकडी होडीला उन्हाचा त्रास होतो.

कामाचा क्रम

होडी बाहेर काढण्यापूर्वी इंजिन, इंधन, जाळी व वल्ही उतरवून वजन कमी करतात. आडवे टाकलेल्या गोल ओंडक्यांवरून दोर व कप्पी यांच्या साहाय्याने ती वर ओढतात. ओढताना कोणीही होडीच्या मागे, उताराच्या बाजूला, उभे राहू नये. कण्याखाली किमान तीन ठिकाणी ठोकळे देतात आणि दोन्ही बाजूंना पाचर मारून टेकू पक्के करतात. ठोकळ्यांखालचा भाग रंगवायचा राहून जातो. तो पहिला रंग वाळल्यावर ठोकळे एकेक करून सरकवून रंगवतात.

शेवाळ ओले असतानाच खरवडणे सोपे जाते. ते वाळल्यावर घट्ट चिकटते. त्यानंतर सुटलेला रंग व गंज पटाशी आणि तारेच्या ब्रशाने काढून पॉलिश पेपरने घासतात. पत्र्याला हातोडीने हलकेच ठोकून पाहतात. बोदा आवाज आल्यास किंवा पत्रा आत दबल्यास तेथे रंग लावणे निरुपयोगी असते आणि पत्रा बदलावा लागतो. लाकडात टोच्याने कुजकी जागा शोधतात. फळ्यांमधील फटी कापूस किंवा सुताच्या दोऱ्याने ठासून भरतात आणि त्यावर राळ व तेल यांचे मिश्रण किंवा लांबी भरतात. रंगाखाली लपलेली अशी कमकुवत जागा होडी पाण्याबाहेर असतानाच दिसते. डागडुजीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

पृष्ठभाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्यावर अस्तराचा थर देतात. लोखंडाला गंजरोधक अस्तर, उदाहरणार्थ रेड ऑक्साइड, साफ केल्याच्या दिवशीच लावावे लागते, कारण उघडा पत्रा एका रात्रीच्या दवात पुन्हा तांबूस होतो. त्यावर रंगाचे दोन किंवा अधिक पातळ थर देतात. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर अधिक टिकतात. पाण्याखाली राहणाऱ्या भागासाठी घरगुती ऑइलपेंटपेक्षा डांबरी किंवा इपॉक्सी रंग अधिक उपयुक्त असतात. जुन्या रंगावर वेगळ्या जातीचा रंग लावण्यापूर्वी छोट्या भागावर चाचणी घेतात, कारण काही थिनर जुना थर उचलून काढतात.

रंगाची गरज मोजण्यासाठी पाणरेषेवरील लांबीला रुंदी व बुडीत खोली यांच्या बेरजेने गुणतात. सात मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर बुडणाऱ्या होडीचा तळ या हिशेबाने सुमारे १७ चौरस मीटर भरतो. एक लिटर रंग एका थरात साधारण दहा चौरस मीटर जागा व्यापतो असे धरल्यास दोन थरांसाठी साडेतीन लिटर रंग लागतो. शेवटचा थर दिल्यावर डब्यावर सांगितलेला काळ होडी कोरडीच ठेवावी लागते. लाकडी होडी पाण्यात उतरवल्यावर प्रथम सांध्यांतून थोडे पाणी घेते. लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत ती काठाजवळच, प्रवासी न घेता, ठेवतात.

भाररेषा व नोंदणी क्रमांक

रंगकामाच्या शेवटी होडीच्या दोन्ही बाजूंस काढायची भाररेषा हा दुर्लक्षित, पण अत्यंत महत्त्वाचा भाग आहे. होडी सुरक्षितपणे किती बुडू शकते हे ही आडवी रेषा दाखवते. रेषा पाण्याखाली गेली की माणसे किंवा माल उतरवणे आवश्यक असते. जहाजांवर अशी खूण सक्तीची व्हावी यासाठी ब्रिटिश संसदसदस्य सॅम्युएल प्लिमसॉल यांनी चळवळ केली आणि १८७६ मध्ये तसा कायदा झाला. आजही तिला प्लिमसॉल रेषा म्हणतात.

१५ जानेवारी २०१९ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यातील भूषा येथे नर्मदेत प्रवासी बोट उलटून किमान सहा जणांचा मृत्यू झाला. क्षमतेपेक्षा अधिक माणसे बोटीत असल्याचे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. ठळक रंगाची भाररेषा अपघात थांबवतेच असे नाही. परंतु आणखी एकाने चढावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर ती काठावरच्या प्रत्येकाला, वाचता येत नसलेल्यालाही, डोळ्यांनी देते.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यांत्रिक जलयानांची नोंदणी व तपासणी आवश्यक आहे. या अधिनियमाने १९१७ च्या कायद्याची जागा घेतली. नवा रंग देताना नोंदणी क्रमांक झाकला जाऊ नये म्हणून तो आधी उतरवून घेतात आणि नंतर विरोधी रंगात पुन्हा स्पष्ट लिहितात. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ मध्ये नर्मदा हा क्रमांक ७३ चा, तर तापी हा क्रमांक १०० चा राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झाला आहे.

तापीवरील जागा

जिल्ह्याच्या दक्षिण भागात तापी नदीवर शहादा तालुक्यात सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बंधारे आहेत. खाली गुजरातमध्ये १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या जलाशयाचा फुगवटा जिल्ह्यात येतो. नर्मदाकाठाच्या तुलनेत तापीचे खोरे सपाट आहे, तेथे बाजार व रस्ते जवळ आहेत आणि ऊनही दिवसभर मिळते. मात्र काठाची जमीन बहुतांशी काळी व गाळाची असून ती ओली असताना वजन पेलत नाही. वरच्या बाजूस हतनूर धरणातून विसर्ग सोडल्यास किंवा बंधाऱ्याचे दरवाजे हलवल्यास पातळी झपाट्याने बदलते. त्यामुळे अशा सूचनांकडे लक्ष ठेवणे येथेही आवश्यक असते. प्रकाशा हे तापी-गोमाई संगमावरील तीर्थक्षेत्र असून तेथील घाट भाविकांच्या स्नानासाठी आहेत. पक्का उतार असला तरी रंगकामासाठी ते योग्य नव्हेत.

पर्यावरण व सुरक्षितता

जुन्या रंगांत शिशाचे प्रमाण अधिक असू शकते. भारतात घरगुती व सजावटी रंगांतील शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भाग इतकी आहे, परंतु त्यापूर्वीचे थर होडीवर टिकून असू शकतात. त्यांची कोरडी भुकटी श्वासावाटे किंवा हातावाटे शरीरात जाते आणि लहान मुलांना ती विशेष घातक असते. म्हणून जुना रंग पाणी शिंपडून ओला करूनच घासणे, तोंडाला फडके किंवा मुखपट्टी बांधणे आणि मुलांना कामापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

जलाशयाचे पाणी काठावरची गावे पितात, त्यात मासे वाढतात आणि काठावरच्या ओलाव्यावर काही ठिकाणी पिकेही घेतली जातात. शिवाय आज कोरडी असलेली रंगकामाची जागा पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली जाणार असते. तेथे टाकलेला खरवडा, थिनर किंवा रिकामा डबा शेवटी पाण्यातच जातो. यासाठी होडीखाली ताडपत्री अंथरून पडणारा खरवडा गोळा करतात आणि तो पूर्ण संचय पातळीच्या वर, पाण्याच्या वाटेपासून दूर नेतात. कुंचले पाण्यात धुतले जात नाहीत. थिनर चटकन पेट घेतो, म्हणून चूल, विडी व इंजिन यांपासून तो लांब ठेवतात. बंद ताडपत्रीखाली त्याची वाफ साचून गुंगी येऊ शकते. यासाठी आडोसा दोन बाजूंनी तरी उघडा ठेवावा लागतो.